घराचे काम कोणाच्या हाती द्यावे?

(मंडळाच्या मासिक सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो. नवे घर बांधण्याचा योग आपल्यापैकी थोड्याजणींच्याच नशिबी येतो. परंतु तीस-चाळीस वर्षांच्या ब्लॉकमधले गळके न्हाणीघर, खचलेला ओटा आणि उखडलेली लादी दुरुस्त करून घेण्याचा प्रसंग घरोघरी येतो. गेल्या वर्षी तो आमच्या घरी आला. तेव्हापासून जिन्यात भेटणारी प्रत्येकजण मला विचारते, “तुमचा कंत्राटदार कोण हो?” नाव मी आनंदाने सांगते. पण नुसत्या नावाने भागत नाही. एकाच माणसाने एका घरी सोन्यासारखे काम केले आणि दुसऱ्या घरी रडवले, असेही आपण पाहतो. म्हणून माणूस पारखावा कसा, याविषयी आज चार शब्द सांगणार आहे.

पहिली गोष्ट म्हणजे आकडा ऐकण्यापूर्वी यादी करावी. आमच्याकडे तिघेजण येऊन गेले. पहिल्याने २,४०,००० रुपये सांगितले, दुसऱ्याने ३,१०,००० आणि तिसऱ्याने २,९५,०००. साहजिकच घरातल्या सर्वांचे मन पहिल्याकडे ओढले. मी म्हटले, जरा थांबा. मग जुनी लादी व कोबा फोडणे, राडारोडा वाहून नेणे, पाण्याचे व सांडपाण्याचे नळ बदलणे, वॉटरप्रूफिंग, नवी लादी, ओटा, वायरिंग आणि रंग अशी कलमवार यादी लिहिली आणि तिघांनाही तीच दिली. प्रत्येक कलमापुढे दर मागितला. तेव्हा पहिल्याचा आकडा ३,२०,००० वर गेला! राडारोडा, वॉटरप्रूफिंग आणि सांडपाण्याचे नळ त्याने मुळात धरलेच नव्हते. त्याने लबाडी केली असे मी म्हणत नाही. तोंडी हिशेबात अशा गोष्टी राहतातच. मात्र त्या पुढे ‘जादा काम’ म्हणून आपल्याच पदरी येतात.

यादीत मालाचा दर्जाही लिहावा. लादी चौरस फुटाला किती रुपयांची धरली आहे, ते विचारावे. ओट्याखालच्या कपाटांना पाण्याचा हात लागतो, तेथे साधे प्लायवूड फुगते. ‘मरीन’ प्लायवूडवर आय. एस. ७१० हा मानक क्रमांक व आय. एस. आय. चिन्ह छापलेले असते; ते आपण स्वतः वाचून घ्यावे. दर नुसत्या मजुरीचा की मालासकट, हेही आधीच स्पष्ट असावे.

दुसरी गोष्ट म्हणजे त्याचे जुने काम पाहावे. नवी लादी सर्वांचीच चकाकते. दोन पावसाळे गेलेले काम दाखवा, असे सांगावे. तेथे गेल्यावर घरच्या बाईला तीन प्रश्न विचारावे: काम ठरल्या मुदतीत संपले का? ठरलेला आकडा शेवटी कितीवर गेला? नंतर बोलावल्यावर हा माणूस आला का? आणि परत निघताना खालच्या मजल्यावरचे दार वाजवावे. न्हाणीघराचे खरे प्रशस्तिपत्रक वरच्या लादीवर नसते, खालच्या शेजाऱ्यांच्या छतावर असते.

तिसरी गोष्ट म्हणजे तो आपले ऐकून घेतो का, ते पाहावे. एकजण मला म्हणाला, “काकू, तुम्ही चहा टाका, साहेब आले की त्यांच्याशी बोलतो.” दुसऱ्याने मला रिकाम्या ओट्यापाशी उभे केले, पोळी लाटायचा हात करायला लावला, खांदे उचलले जात नाहीत ना ते पाहिले आणि ओट्याची उंची तेहतीस इंच लिहून घेतली. भगिनींनो, स्वयंपाकघरात दिवसाचे चार-पाच तास आपण काढतो. तेथले मत आपले असले पाहिजे, आणि ते विचारणारा माणूस बाकीच्या कामातही लक्ष घालतो असा माझा अनुभव आहे.

चौथी गोष्ट सर्वांत गंभीर आहे. २५ जुलै २०१७ रोजी मुंबईत घाटकोपर येथे चार मजली इमारत कोसळून सतरा माणसे मृत्युमुखी पडली. तळमजल्यावर फेरबदलाचे काम चालू होते आणि तेथील खांबांना धक्का लावल्याचा आरोप झाला. जुन्या वाड्यांत आणि चाळींत भिंतीच भार पेलतात, आर. सी. सी. इमारतीत खांब, तुळया आणि स्लॅब पेलतात. “ही भिंत काढू, हॉल ऐसपैस होईल,” असे जो पाहताक्षणी म्हणतो, त्याला चहा पाजून निरोप द्यावा. जो म्हणतो, “आधी इंजिनिअरचे लेखी मत घ्या, सोसायटीची परवानगी आणा, लागेल तेथे पालिकेचीही,” तो आपला. घर आपले असले तरी खांब सर्व बिऱ्हाडांचा असतो.

पाचवी गोष्ट पैशाची. काम पुढे आणि पैसा मागे, हा नियम कधी सोडू नये. माझ्या परिचयाच्या एका बाईंनी निवृत्तीच्या पैशातून निम्मी रक्कम आगाऊ दिली. कंत्राटदार लादी फोडून गेला तो परतलाच नाही. दोन महिने बिचारीने बाहेरच्या खोलीत स्टोव्हवर स्वयंपाक केला. हाती ना करार, ना पावती. आम्ही दहा टक्के आगाऊ दिले, पुढचे हप्ते एकेक टप्पा पुरा झाल्यावर, आणि शेवटचे दहा टक्के महिनाभर वापरून पाहिल्यावर. न्हाणीघरात लादी बसवण्यापूर्वी अठ्ठेचाळीस तास पाणी साठवून ठेवले आणि खालच्या वहिनींकडे जाऊन छत कोरडे असल्याची खात्री केली, मगच तो हप्ता दिला. या अटी ऐकून जो रागावत नाही, तोच निवडावा.

पैसे धनादेशाने किंवा बँकेतून द्यावे, पक्के बिल घ्यावे. कागद असला की २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत दाद मागता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्कही लागत नाही. तसेच आपल्या बाजूनेही ठरलेला हप्ता ठरल्या दिवशी द्यावा. गवंड्याच्या घरची चूल त्यावर पेटते.

शेवटी एक सूचना. मंडळाच्या कपाटात एक वही ठेवावी. जिच्या घरी काम होईल तिने कंत्राटदाराचे नाव, कामाची यादी, ठरलेला आकडा, शेवटचा आकडा आणि लागलेले दिवस त्यात लिहावे. एक पावसाळा गेला की आणखी एक ओळ भरावी. पहिले पान लिहून मी ती वही आज अध्यक्षांच्या स्वाधीन करीत आहे.