समाजशास्त्र घेऊन पोरगा काय करील?

बारावीचे निकाल लागले की आम्हा शिक्षकांच्या दाराशी पालक येऊ लागतात. एकदा धुळ्याकडचे एक शेतकरी आले. सोबत मुलगा, मुलाच्या हातात अर्ज. म्हणाले, "गुरुजी, पोरगं समाजशास्त्र घेतो म्हणतं. तुम्हीच समजवा त्याला. चार माणसांत कसं वागावं, हे शिकायला कॉलेजात कशाला जायचं?"

प्रश्न रास्त होता. मी उलट विचारले, "तुमच्या सूनबाई सासूला काय हाक मारतात?"

"आत्या."

"सख्खी आत्या आहे का?"

"छे हो! ती तर परक्या घरची."

मग आत्या कशी? पाहा, पूर्वी आपल्याकडे अनेक जातींत मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल होती. काही घरांत अजून आहे. मुलाने मामाची मुलगी केली, की मुलाची आई ही त्या मुलीची आत्याच लागते. पुढे लग्ने बाहेर होऊ लागली, पण हाक तशीच राहिली. वर हिंदी मुलखात असे लग्न बहुतेक ठिकाणी निषिद्ध. दक्षिणेत ते चालते, कित्येक ठिकाणी पसंतही करतात. आपण मध्ये. इरावती कर्वे यांनी देशभरच्या भाषांतून असे नात्यांचे शब्द गोळा केले आणि १९५३ साली भारतातल्या नातेव्यवस्थेवर इंग्रजीत मोठा ग्रंथ लिहिला. म्हणजे आपण रोज ज्या हाका मारतो, त्यांतूनच शास्त्र उभे राहिले. शेतकरीबुवा जरा गप्प झाले.

या इरावतीबाईंची एक गोष्ट शिक्षक बंधुभगिनींनी मुद्दाम लक्षात ठेवावी. १९३० च्या सुमारास त्या बर्लिनला मानवशास्त्र शिकत होत्या. मानवशास्त्र म्हणजे माणसाची शरीररचना, त्याच्या चालीरीती, त्याचे कुळ-मूळ यांचा अभ्यास. गुरू होते ऑयगेन फिशर. युरोपियन माणसाची कवटी इतरांहून वेगळी, आणि म्हणून त्याची बुद्धीही वरची, असे त्यांचे मत. बाईंनी कवट्या मोजल्या. गुरूला हवा होता तसा फरक काही आढळला नाही, आणि बाईंनी प्रबंधात तसेच लिहिले. परदेशात, गुरूच्या हाती आपली पदवी असताना, हे सोपे नव्हते. मापे घ्यायला कोणीही शिकेल; निघाले तेच माप लिहायचे, हे कठीण. पुढे १९३९ पासून त्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात होत्या. पश्चिम खानदेशातल्या, म्हणजे आजच्या धुळे-नंदुरबार भागातल्या, भिल्लांची त्यांनी सामाजिक व आर्थिक पाहणी केली. ती १९६१ मध्ये पुस्तकरूपाने आली. पुण्याच्या बाईंनी आमची पाहणी केली, हे चांगलेच झाले. पण अहिराणी, पावरी, भिली घरात बोलणारी आमची मुले या कामात किती आहेत? त्यांना तर दुभाषी लागणार नाही.

कॉलेजापर्यंत थांबायचेही कारण नाही. श्रावणात आपल्याकडे कानबाई बसते. भाऊबंद गोळा होतात, रोट होतात. कित्येक घरांत रोटाचे गहू घेताना घरातले पुरुष मोजतात, आणि एकेकाच्या नावाने मूठ घेतात. मुलांना सांगावे, आपल्या घरची रीत वहीत लिहून आणा. मूठ कोणाच्या नावाची, रोट कोणी खायचा, वेगळा राहणारा भाऊ मोजतात की नाही? माझ्या वर्गातल्या एका मुलीने आजीला विचारले, "माझ्या नावाची मूठ का नाही?" आजी म्हणाली, "तू तर दुसऱ्याच्या घरची." मुलीने प्रश्न आणि उत्तर दोन्ही वहीत उतरवले. आपले मत घातले नाही. मला ती वही फार आवडली.

आता चित्रकलेकडे वळू. ज्यांचा मुलगा दिवसभर कागद रंगवतो, त्या घरात याहून जास्त चिंता असते. त्यांना मी अजिंठ्याला जा म्हणतो. जळगावहून दीड-दोन तासांची वाट. तिथल्या भिंतीवर आधी मातीचा गिलावा आहे, त्यात भाताचा तूस आणि झाडपाल्याचे तंतू कालवलेले. वर चुन्याचा पातळ हात, आणि मग गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी. निळा रंग तेवढा परमुलखातल्या दगडाचा. घरची भिंत सारवणाऱ्या आमच्या आयाबहिणींना यातले निम्मे काम सांगावेच लागत नाही.

ही चित्रे उतरवून घेण्यासाठी १८४४ साली कंपनी सरकारने रॉबर्ट गिल नावाचा अधिकारी नेमला. त्याने त्यात वर्षानुवर्षे घालवली, आणि त्याच्या बहुतेक प्रती १८६६ मध्ये लंडनजवळच्या आगीत जळाल्या. तो १८७९ साली वारला. त्याची कबर भुसावळला आहे. पुढे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आपले विद्यार्थी घेऊन आले. १८७२ ते १८८५ या काळात त्या मुलांनी अंधाऱ्या लेण्यांत बसून प्रती केल्या. त्यांतल्याही बऱ्याच १८८५ मध्ये लंडनमध्येच जळाल्या! तरी उरलेल्या प्रतींचे मोल मोठे, कारण मूळ भिंतीवरचे जे नंतर झडले, ते कुठे कुठे या कागद-कापडांवरच दिसते. हात चालवण्याचे शिक्षण आणि कलेचा इतिहास, दोन्ही तिथे एकत्रच झाले.

राहिला पोटाचा प्रश्न. तो मी टाळणार नाही. समाजशास्त्राची पदवी घेतली की नोकरी दाराशी येईल, असे कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. पुढे बी.एड. किंवा एम.ए. करावे लागते. संघ लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत समाजशास्त्र आणि मानवशास्त्र हे दोन्ही ऐच्छिक विषय आहेत. तिथे उपयोग होतो, पण ती वाट अरुंद आहे. चित्रकलेची आवड असणाऱ्याने शाळेत असतानाच एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या परीक्षा द्याव्यात. समाजशास्त्रासाठी फार लांब जायला नको; १९९० पासून उत्तर महाराष्ट्राचे विद्यापीठ जळगावातच आहे आणि आता त्याला आमच्या बहिणाबाईंचे नाव आहे. मानवशास्त्रासाठी मात्र बहुधा पुणे गाठावे लागेल. खोलीभाडे आणि खाणावळ धरून खर्चाचा हिशेब आधीच करून ठेवावा.

त्या शेतकऱ्यांनी जाताना मुलाकडून अर्ज मागून घेतला, घडी करून खिशात ठेवला. म्हणाले, "आईशी बोलतो त्याच्या. मुदत कधीपर्यंत आहे, गुरुजी?" मी तारीख सांगितली. मुलाने ती लगेच हातावर लिहून घेतली.