नाताळचं ताट

(आकाशवाणीवर झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



नाताळ म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर केक येतो, लाल टोपीतला सांताक्लॉज येतो, कापसाचा बर्फ चिकटवलेलं झाड येतं. मी पारनेर तालुक्यातल्या सुप्याची. नगर-पुणे रस्त्यावरचं हे गाव. आमच्या घरी नाताळची पहिली वर्दी मिळायची ती तळणाच्या वासाने. “तुमच्यात नाताळला काय करतात?” हा प्रश्न मला शाळेत विचारला गेला, नर्सिंगच्या वसतिगृहात विचारला गेला, अजूनही विचारला जातो. करंज्या, चकल्या, शंकरपाळे, अनारसे, असं मी सांगते. विचारणाऱ्याचा चेहरा जरा उतरतो. “म्हणजे आमच्यासारखंच की!” होय, तुमच्यासारखंच. ते तसं का आहे आणि त्यात आम्हाला काय मोलाचं वाटतं, हे आज सांगायचं आहे.

आमचे आजोबा मिशनच्या शाळेत शिक्षक होते, वडील झेडपीच्या शाळेत गुरुजी. डिसेंबर उजाडला की आई अनारशाचे तांदूळ भिजत घालायची. तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग सावलीत फडक्यावर पसरून सुकवायचे, कुटायचे, चाळायचे आणि गूळ घालून गोळा डब्यात मुरत ठेवायचा. तळताना खसखशीची बाजू वर, आणि अनारसा उलटायचा नाही, झाऱ्याने वरून तूप सोडायचं. एखादा अनारसा कढईत हसला, म्हणजे विरघळून पसरला, की आई गप्प व्हायची आणि आम्ही भावंडं खूश, कारण तो चुरा आमच्या वाट्याचा.

चांदणी वडील घरीच करत. बांबूच्या कामट्या, दोरा, खळ आणि पतंगाचा कागद. दिवाळीच्या आकाशकंदिलाचीच ती धाकटी बहीण. चोवीस तारखेच्या रात्री ढोलकी आणि टाळ घेऊन गाणी होत. पंचवीसला पहाटेची एसटी धरून नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, ह्यूम मेमोरियल चर्चमध्ये उपासनेला जायचं आणि दुपारी घरी येऊन बाजरीची भाकरी आणि काळ्या मसाल्याचं मटण. केक असायचा, पण तो पाहुण्यासारखा. एका पातेल्यात वाळू, वर झाकण, झाकणावर निखारे, असा भाजलेला.

आमच्या भागात हा धर्म आला तो अमेरिकन मराठी मिशनमुळे. मिशनची माणसं १८१३ साली मुंबईला उतरली आणि १८३१ साली नगरला आली. ‘ज्ञानोदय’ हे पत्र १८४२ मध्ये नगरलाच सुरू झालं. पुढे १८७६ च्या आणि शतकाच्या शेवटच्या मोठ्या दुष्काळांत कितीतरी कुटुंबं मिशनच्या आश्रयाला आली. त्यांतली पुष्कळशी गावकुसाबाहेर ठेवलेली माणसं होती. आमचे पूर्वज त्यांच्यातलेच. धर्म बदलला, पण चूल तीच राहिली, पाटा-वरवंटा तोच राहिला, जात्यावरची ओवीही राहिली.

गाण्यांचंही तसंच झालं. सुरुवातीला इंग्रजी चालींवरची भाषांतरित गीतं होती. नगरकडच्या कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनं रचली. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अभंग, ओवी, भजन हे सगळं उपासनेत मानाने आणून बसवलं. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. आमच्या घरातल्या बायाबापड्यांनी असला विचार शब्दांत कधी मांडला नाही. त्यांनी तो कढईत तळला, एवढंच.

हे सगळं मला नीट उमगलं ते मात्र सुप्यात नव्हे, मस्कतला. १९९४ साली मी परिचारिका म्हणून तिथल्या एका रुग्णालयात गेले आणि पंधरा वर्षं राहिले. राहायला मिळालेल्या घरात माझ्यासोबत चौघी फिलिपिनो परिचारिका होत्या. त्यांच्यातल्या थोरलीला बाकीच्या ‘आते’ म्हणून हाक मारायच्या. मला वाटलं, हिच्या भावाच्या मुली दिसतात! मग कळलं की त्यांच्या भाषेत आते म्हणजे थोरली बहीण. तेव्हापासून ती माझीही आते झाली.

या लोकांचा नाताळ सप्टेंबरातच सुरू होतो. महिन्याच्या नावात शेवटी ‘बर’ आलं की घरात गाणी लागलीच. १६ ते २४ डिसेंबर असे नऊ दिवस त्यांच्या देशात पहाटे, अंधारातच उपासना होते. त्याला ‘सिम्बांग गाबी’ म्हणतात. शेतकऱ्यांना दिवस उगवायच्या आत शेतावर जायचं असे, म्हणून ही पहाटेची वेळ. आपल्याकडच्या कार्तिकातल्या काकड आरतीची आठवण व्हावी असंच ते. मस्कतमध्ये ड्युटीमुळे रोज चर्चला जाणं जमत नसे. मग आते पहाटे चारला उठून खोलीतच प्रार्थना घ्यायची आणि नंतर सगळ्यांना आल्याचा कढत काढा द्यायची.

खिडकीत त्यांची चांदणी लागायची. तिला ‘पारोल’ म्हणतात. मूळची पारोल म्हणजे बांबूच्या कामट्या आणि रंगीत पातळ कागद. मी ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा हातातली पिशवी तशीच धरून उभी राहिले. ही तर आमच्या वडिलांची चांदणी होती, फक्त खाली दोन झुपकेदार शेपट्या जास्तीच्या.

आणि त्यांचं जेवण! मध्यरात्रीच्या उपासनेनंतर सगळं कुटुंब एकत्र बसून जेवतं, त्याला ‘नोचे बुएना’ म्हणतात. शब्द स्पॅनिश, पण ताट बघितलं की त्यांचा सगळा इतिहास त्यात वाढलेला दिसतो. तांदळाच्या पिठात नारळाचं दूध घालून, मातीच्या भांड्यात केळीचं पान लावून, खाली-वर निखारे ठेवून भाजलेली ‘बिबिंका’. जांभळ्या चिकट तांदळाचा, बांबूच्या नळीत वाफवलेला ‘पुतो बुम्बोंग’, वर खोबरं आणि साखर. हे त्यांच्या मातीतलं. ‘पान्सित’ म्हणजे भाज्या घालून परतलेल्या लांब शेवया, त्या चिनी व्यापाऱ्यांकडून आलेल्या. लांब शेवया म्हणजे लांब आयुष्य, म्हणून त्या तोडायच्या नाहीत. अंड्या-दुधाचा गोड ‘फ्लान’ स्पेनचा. मॅगेलन तिथं १५२१ साली पोचला, १५६५ पासून स्पेनने पाय रोवले ते १८९८ पर्यंत, आणि त्यानंतर अमेरिका आली. सव्वातीनशेहून जास्त वर्षं परक्याचं राज्य होतं. धर्म त्याच वाटेने आला. पण पहाटेच्या उपासनेनंतर देवळाबाहेर त्यांनी तांदळाचेच उंडे खाल्ले.

मस्कतला बांबूच्या नळ्या कुठून आणायच्या? शेजारच्या मल्याळी परिचारिकेकडे पुट्टूचं भांडं होतं. तेच नळीचं, वाफेचं. आतेने ते मागून आणलं आणि म्हणाली, “हे आमचंच आहे.” मल्याळी बाई म्हणाली, “आमचंच आहे.” केळीची पानं केरळी दुकानातून आली. त्यांच्याकडे सणाला अख्खं डुक्कर भाजतात. मस्कतमध्ये ते सहजी मिळेना, म्हणून कोंबडीवर भागवलं. मी करंज्या केल्या. आते म्हणाली, “ही तर एम्पनाडा!” ते नाव तिला स्पेनकडून मिळालेलं. मी म्हटलं, असू दे. करंजी सुप्याची आहे.

२५ डिसेंबरला तिथं सुट्टी नसते. जिची पाळी असेल ती युनिफॉर्म चढवून जाई. आतेची दोन मुलं तिच्या आईजवळ मनिलाला होती. मनिला मस्कतच्या चार तास पुढे. म्हणजे मस्कतमध्ये रात्रीचे आठ वाजले की तिच्या घरी बारा वाजत आणि पोरं जेवायला बसत. म्हणून आमच्याकडे दोनदा जेवण मांडलं जाई. आठ वाजता आते टेबलावर सगळं मांडून फोन लावायची आणि पोरांना विचारायची, “ताटात काय काय वाढलंय? आधी काय खाल्लंस?” ती सांगतील तेच आपल्या ताटात घ्यायची आणि एकेक घास खायची. आठ नाताळ ती असंच जेवली. मग मध्यरात्री आम्हा सगळ्यांचं जेवण.

माझी मुलगीही तेव्हा सुप्यात आईजवळ वाढत होती. कुणी गावाकडून येणार असलं की आई त्याच्याबरोबर अनारशाच्या पिठाचा डबा पाठवायची. तयार अनारसे कधीच नाही. म्हणायची, “तळणं तुझ्या हातचं असू दे.” पहिल्या वर्षी मला ते कंजूषपणाचं वाटलं होतं. आतेला फोनवर जेवताना पाहिलं आणि आईचं म्हणणं कळलं. सण पार्सलने येत नाही. जिथं असू तिथं तो शिजवावा लागतो, तेव्हा कुठे आपण त्या घरातले उरतो.

श्रोतेहो, आता थोडं अवघड बोलते. सणाचं ताट घरातल्या घरात राहिलं तर ते नुसतं जेवण. ते शेजारी गेलं पाहिजे. माझ्या लहानपणी आई चोवीस तारखेला फराळाची ताटं भरून, वर विणलेला रुमाल टाकून आम्हाला घरोघर पाठवायची. काही घरांत ताट हातात घेतलं जाई आणि परत येताना त्यात मूठभर साखर किंवा शेंगदाणे असत. काही घरांत “ठेव तिथं ओट्यावर” असं ऐकू येई. त्या ताटातला फराळ नंतर कुणी खाल्ला, हे आम्ही विचारत नसू. एका काकूंकडे तर शिजवलेलं चालायचंच नाही. आई त्यांच्याकडे कोरडा शिधा पाठवायची: गहू, गूळ, थोडे दाणे. मला राग यायचा. आई म्हणायची, “आपण पाठवायचं. घ्यायचं कसं, ते त्यांनी ठरवायचं.”

१९७२ चा दुष्काळ आला. मी नऊ वर्षांची होते. विहिरींनी तळ गाठला, रेशनवर अमेरिकेतून आलेला लाल मिलो मिळू लागला, दुष्काळी कामावर सुकडी वाटली जाऊ लागली. सगळं गाव एकाच रांगेत उभं राहिलं. त्या नाताळला घरात तेल नव्हतं, तूप नव्हतं. आईने मिलोच्या कण्या गुळाच्या पाण्यात शिजवल्या आणि वाट्या भरल्या. काकूंसाठी शिधा द्यायला काहीच शिल्लक नव्हतं, म्हणून त्यांच्याकडेही वाटीच गेली. काकूंनी ती घेतली. दारात उभ्या राहूनच खाल्ली आणि वाटी घासून परत दिली. वाटी रिकामी होती, कारण त्यांच्याही घरात काही नव्हतं. पुढच्या वर्षी मात्र त्या करंज्या लाटायला आमच्या ओट्यावर येऊन बसल्या.

लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’त लिहिलं आहे, की नवरा ख्रिस्ती झाल्यावर त्याच्याजवळ राहायला गेल्या तरी त्या आपलं सोवळं पाळत, स्वयंपाक-पाणी वेगळं ठेवत. पुढे स्वतःच विचार करून, कुणी न सांगता, त्यांनी ते सोडून दिलं. बाप्तिस्मा त्यांनी नंतर, १९०० मध्ये घेतला. आधी ताट सुटलं, मग पुढचं. आमच्या काकूंना दुष्काळाने शिकवलं. पण अशा गोष्टी शिकायला दरवेळी दुष्काळाची वाट का बघावी?

आज सुप्यात एमआयडीसी आहे. लांबलांबची मुलं कामाला येतात, खोली भाड्याने घेऊन चौघं-पाचजण राहतात. त्यांच्यात झारखंडचे, ओडिशाचे ख्रिस्ती तरुणही असतात. त्यांच्याकडे पाहिलं की मला मस्कतचं आमचं घर आठवतं. गेली काही वर्षं नाताळला त्यांतली तीन-चार मुलं आमच्याकडे जेवायला असतात. एकाने पहिल्यांदा अनारसा हातात घेतला, खाल्ला आणि म्हणाला, “मावशी, हा तर अरसा. आमच्या घरी नाताळला आई हाच करते.” दुसरा ओडिशाचा. तो म्हणाला, “आमच्याकडे अरिसा.” तांदूळ, गूळ आणि तळण. नावसुद्धा फारसं बदललेलं नाही. आता पीठ मळायला तीच मुलं आधी हजर असतात आणि अनारसा हसला की माझ्यावरच हसतात.

आतेशी अजून बोलणं होतं. ती मनिलाला परतली, आजी झाली. नातवंडं तिचा हात हातात घेऊन स्वतःच्या कपाळाला लावतात. वडीलधाऱ्यांच्या पाया पडायची ती त्यांची रीत. नाताळच्या रात्री आम्ही फोनवर एकमेकींना ताट दाखवतो. तिच्या ताटात गेल्या काही वर्षांपासून करंजी असते. ती तिला एम्पनाडा म्हणते, आणि मी अजूनही तिच्याशी भांडते.

तेव्हा यंदा नाताळच्या आदल्या दिवशी एखाद्या शेजाऱ्याकडून रुमाल झाकलेलं ताट आलं, तर केक कुठे आहे असं विचारू नका. हातात घ्या, त्याच्यासमोरच एक करंजी मोडून खा. आणि ताट रिकामं परत करू नका.