महामारीनंतरचें कल्पित राज्य

कल्पित राज्यें रचण्याचा नाद माणसाला फार जुना आहे. श्रोत्यांपैकीं पुष्कळांच्या घरीं मुलें भातुकलींत किंवा दिवाळीच्या किल्ल्यांत आपापलें राज्य मांडीत असतील. या हौसेला 1974 सालीं अमेरिकेंत एक नवें रूप मिळालें. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नांवाचा खेळ त्या वर्षीं प्रसिद्ध झाला. चार-पांच मंडळी मेजाभोंवतीं बसतात. एकजण सबंध जग रचून त्याचा सूत्रधार होतो. बाकीचे त्या जगांतील एकेक पात्र होऊन बोलतात, वागतात आणि फांसे टाकून संकटांना तोंड देतात. असल्या खेळांत सूत्रधाराला मोह पाडणारा एक विषय म्हणजे भयंकर सांथींतून सांवरणारें राज्य. ओस पडलेलीं गांवें आणि निर्मनुष्य रस्ते यांचें चित्र मनोवेधक खरें. पण ओसाड वाडा रंगविणें सोपें, आणि त्याच वाड्यांत पुन्हां चूल पेटविणारें कुटुंब रंगविणें कठीण. या दुसऱ्या कामासाठीं युरोपच्या मध्ययुगापर्यंत जाण्याचें कारण नाहीं. उरणजवळचें मोरा बंदर पुरेसें आहे.

मोरा हें उरणचें बंदर. समोर मुंबई, मध्यें बंदराचें पाणी, उत्तरेस घारापुरीचें बेट. भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली लाँच सुमारें तासाभरांत येथें पोहोंचते. मोठ्या ओहोटीला मात्र गाळामुळें ती धक्क्याला लागूं शकत नाहीं. समुद्रावर जगणारे कोळी, उरणच्या परिसरांतील मिठागरें आणि पैलतीरावरचें अफाट शहर, एवढ्या सामग्रींत एक राज्य उभें राहूं शकतें. महानगराजवळचें लहान बंदर हें सांथीच्या कथेला फार योग्य स्थळ होय. कारण शहराचा पैसा ज्या वाटेनें येतो, त्याच वाटेनें शहराची भीतीहि येते.

ही भीति कल्पनेंतली नव्हे. 1896 च्या सप्टेंबर महिन्यांत मुंबईच्या मांडवी भागांत डॉ. आकासिओ व्हिएगस यांनीं ग्रंथिक सन्निपात, म्हणजे प्लेग, ओळखला. सामान्य लोक त्याला गांठीचा ताप म्हणत. कांहीं महिन्यांतच लाखों लोकांनीं शहर सोडलें. कोणी आगगाडीनें गेले, कोणी पाण्याच्या वाटेनें. 1891 च्या शिरगणतींत मुंबईची वस्ती 8,21,764 होती. 1901 सालीं ती 7,76,006 भरली. वाढत्या शहराची वस्ती दहा वर्षांनीं कमी भरावी, यावरूनच त्या आपत्तीचें माप कळतें.

आतां सूत्रधारानें आपल्या कल्पित मोरा बंदरांत एक प्रश्न उभा करावा. रात्रीच्या भरतीला शहरांतून पळालेल्या माणसांची एक होडी धक्क्याजवळ येते. तींत कोणाची बहीण आहे, कोणाचा व्याही आहे. एकाच्या अंगांत ताप आहे. दोर धरावा कीं होडी परत लोटावी? दोन्ही निर्णयांना कारणें आहेत आणि दोन्ही निर्णयांत माणसें मरतात. मग सांथ ओसरते. ज्यानें होडी लोटली तो, आणि त्या होडींतून वांचलेली ती, एकाच बाजारांत समोरासमोर येतात. महामारीनंतरच्या राज्याची खरी कथा येथें सुरू होते. रोग निघून जातो. त्यानें पेरलेला अविश्वास मागें राहतो, आणि त्या अविश्वासाची फेड कोणी व कशी करावयाची, हाच सांवरण्याचा प्रश्न असतो.

राजसत्तेचीहि तीच कसोटी असते. 1896 च्या ऑक्टोबरांत गिरणी कामगारांच्या जमावानें मुंबईच्या आर्थर रोड रुग्णालयावर हल्ला केला. रोग्याला वांचविण्यासाठीं उभारलेली वास्तु लोकांना मृत्यूचें दार वाटत होती. 1897 सालीं साथरोगांचा कायदा आला. पुण्यांत घरोघर झडत्या झाल्या, माणसें बळानें छावण्यांत नेलीं, आणि 22 जून 1897 रोजीं प्लेग अधिकारी रँड याच्यावर चापेकर बंधूंनीं गोळी झाडली. त्याच वर्षाच्या 10 जानेवारीला वाल्डेमार हाफकिन यांनीं स्वतः तयार केलेली प्लेगची लस प्रथम स्वतःच्याच अंगांत टोंचून घेतली होती. दुसऱ्याचें दार फोडणारा अंमलदार आणि स्वतःचें शरीर पुढें करणारा शास्त्रज्ञ यांतील फरक कल्पित राज्याच्या प्रजेलाहि दिसला पाहिजे. एकाच राजाच्या दोन सेवकांकडे तिनें दोन दृष्टींनीं पाहिलें, तरच ती प्रजा जिवंत वाटेल.

ज्ञानाचा उदय दाखवितांनाहि घाई करूं नये. मुंबईंत गटारें धुतलीं गेलीं, कौलें काढून घरांत ऊन सोडलें गेलें. पण रोग उंदरांवरील पिसवांच्या द्वारें पसरतो हें पॉल-लुई सिमोंद यांनीं 1898 सालीं कराचींत दाखविलें, आणि तें सर्वमान्य होण्यास आणखी कित्येक वर्षें लागलीं. उलट, घरांत उंदीर मरून पडूं लागले कीं घर सोडून माळावर झोपडी बांधावी, हें खेड्यांतील माणसाला शास्त्राची वाट न पाहतां उमगलें होतें. म्हणून जादूची एक मुळी सांपडली आणि राज्य बरें झालें, असें लिहिणें म्हणजे खेळाचा प्राणच काढून घेणें होय.

सांवरणें म्हणजे पूर्वीसारखें होणें नव्हे. युरोपांतील 1347 नंतरच्या काळ्या मृत्यूनें मजूर इतके दुर्मिळ केले कीं इंग्लंडांत 1351 सालीं मजुरीचे दर दाबून धरण्याचा कायदा करावा लागला. 1897 च्या आरंभीं मुंबईंतहि मजुरांसाठीं गिरणीमालकांत चढाओढ लागली, आणि महिन्याच्या पगाराची वाट पाहणाऱ्या कामगाराला रोजची मजुरी रोज मिळूं लागली. ज्याची कोणी विचारपूस करीत नव्हतें, त्याच्या हाताला एकदम किंमत आली. ती टिकते कीं मालक ती परत हिरावतो, यावर एक सबंध मोहीम खेळतां येईल.

घरांचीहि गोष्ट अशीच. 1898 सालीं मुंबईंत सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्यानें सँडहर्स्ट रोड व प्रिन्सेस स्ट्रीट काढले, दादर-माटुंग्याच्या वसाहती आंखल्या. मोकळी हवा शहरांत आली. पण पाडलेल्या घरांतील पुष्कळ गरीब भाडेकरू शेजारच्या वस्तींत आणखी दाटीनें राहूं लागले. नव्या नगरीचा नकाशा काढणाऱ्यानें रुंद रस्त्यासाठीं कोणाची भिंत पडली, हेंहि त्यावर नोंदवावें.

अखेरीस, प्रत्येक राज्याला स्मरण लागतें. पुण्याजवळ रोग्यांची शुश्रूषा करीत असतां सावित्रीबाई फुले यांना प्लेगनें गांठलें आणि 10 मार्च 1897 रोजीं त्यांचा अंत झाला. त्यांचें नांव राहिलें. तसेंच काम करून गेलेल्या अनेकांचें राहिलें नाहीं. कल्पित मोरा बंदरांत म्हणून देऊळ, कोठार आणि चौकी बांधण्यापूर्वीं सूत्रधारानें घरोघरची यादी करावी: कोण गेलें, कोण उरलें, कोणाचें कोणावर ऋण आहे आणि कोण कोणाशीं अजून बोलत नाहीं. ही यादी पुरी झाली कीं राक्षस व खजिने यांची उणीव खेळणारांना सहसा भासणार नाहीं. भरती आल्यावर पहिली होडी धक्क्याकडे वळेल, आणि तिचा दोर कोण धरतो इकडे सर्वांचें लक्ष लागेल.