पकडलेला वायू पुढे जातो कुठे?

मी तंजावरहून बोलतोय. व्यंकोजीराजांच्या काळापासून इथे मराठी बोलली जाते, तेव्हा आज इथूनच एक तमिळनाडूतली गोष्ट मराठीत सांगतो. विषय आहे वीज केंद्राच्या धुरातला कार्बन डायऑक्साइड पकडून पुन्हा वापरण्याचा.

मी शास्त्रज्ञ नाही, फौजेतला निवृत्त अधिकारी आहे. फौजेत एक सवय लागते. ‘कैदी पकडले’ असा निरोप आला की लगेच विचारायचं, किती पकडले आणि ठेवलेत कुठे? हेच दोन प्रश्न या वायूच्या बाबतीत विचारू.

आधी पकडतात कसा ते पाहू. कोळशाच्या धुराचे शंभर भाग केले तर त्यात कार्बन डायऑक्साइड साधारण बारा ते पंधरा भाग. बाकी बहुतेक नायट्रोजन. म्हणजे धूर चाळावा लागतो. धूर थंड करून, त्यातलं गंधक काढून तो एका उंच मनोऱ्यात खालून सोडतात आणि वरून अमाइन नावाच्या रसायनाचं पाणी शिंपडतात. साधारण 40 अंशांवर अमाइन हा वायू धरून ठेवतं, 120 अंशांच्या आसपास तापवलं की सोडून देतं. तेच पाणी पुन्हा वर. युक्ती जुनी आहे, अमेरिकेत तिचं पेटंट 1930 सालचं. पाणबुडीतली हवाही अशीच साफ करतात. अडचण एकच. तापवायला लागणारी वाफ त्याच केंद्रातून घ्यावी लागते, त्यामुळे विकायला वीज कमी उरते.

आता तुतिकोरिनला चला, म्हणजे आजचं थूथुकुडी. मिठागरांचं गाव. तिथल्या तुतिकोरिन अल्कली केमिकल्स अँड फर्टिलायझर्स या कारखान्याला सोडा अॅश बनवायला हा वायू लागतोच. 2016 च्या अखेरीस त्यांनी तो स्वतःच्या कोळशाच्या बॉयलरच्या धुरातून घ्यायला सुरुवात केली. वर्षाला 60,000 टनांची योजना. रसायन आणि तंत्र कार्बन क्लीन सोल्यूशन्सचं. ही कंपनी 2009 मध्ये खरगपूर आयआयटीतल्या अनिरुद्ध शर्मा आणि प्रतीक बुंब या दोघांनी काढली. टनामागे खर्च सुमारे 30 डॉलर आणि सरकारी अनुदान नाही, असं तेव्हा सांगण्यात आलं. गिऱ्हाईक घरातच असल्यामुळे हिशेब जुळला.

मीठ, अमोनिया, पाणी आणि हा वायू एकत्र आले की आधी खायचा सोडा तयार होतो. तो तापवला की सोडा अॅश. सोबत अमोनियम क्लोराइड मिळतं, ते भाताला खत म्हणून चालतं. भाताच्या या कावेरीकाठी त्याचं मोल वेगळं सांगायला नको.

मग वायू ठेवला कुठे? सोडा अॅशचा मोठा वाटा काचेच्या कारखान्यात जातो. तिथे भट्टीत काच वितळताना तोच वायू पुन्हा हवेत सुटतो. कैदी पुढच्या चौकीवरून निसटला म्हणायचं! तरी फायदा आहेच. सोड्यासाठी लागणारा वायू वेगळा तयार करावा लागला नाही, एकाच कोळशाने दोन कामं केली.

आणि किती पकडला? कोळशावरच्या विजेच्या एका युनिटमागे साधारण 900 ग्रॅम वायू निघतो. म्हणजे 500 मेगावॉटचा एक संच पूर्ण क्षमतेने चालला तर तासाला 450 टन. वर्षाचे ते 60,000 टन असा एक संच पाच-सहा दिवसांत सोडतो. मध्य प्रदेशात एनटीपीसीच्या विंध्याचल केंद्रात 2022 पासून रोज 20 टन पकडण्याची सोय आहे, त्यापासून मिथेनॉल बनवायचं. केंद्र आहे 4,760 मेगावॉटचं. पूर्ण क्षमतेने चाललं तर 20 टन वीस सेकंदांच्या आत बाहेर पडतात. शिवाय मिथेनॉलला हायड्रोजन लागतो, त्यासाठी पुन्हा वीज. आणि मिथेनॉल जाळलं की वायू मोकळा.

कायमचा ठेवायचा तर जमिनीत. आइसलँडमध्ये कार्बफिक्स प्रकल्पात हा वायू पाण्यात विरघळवून काळ्या बसाल्ट खडकात सोडला. दोन वर्षांच्या आत 95 टक्क्यांहून अधिक वायूचा दगड झाला, हा निष्कर्ष 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. आपला सह्याद्री बसाल्टचाच आहे, त्यामुळे दख्खनच्या खडकावरही अभ्यास चालू आहे. पण या पद्धतीला पाणी भरपूर लागतं आणि मराठवाड्यात टँकर कधी येणार याची वाट पाहणाऱ्यांना ते कोण समजावणार?

तरुण इंजिनिअरांना मी नाउमेद करत नाही. तुतिकोरिनसारखे प्रकल्प व्हायलाच हवेत. पण कावेरीचा हा त्रिभुज प्रदेश समुद्राच्या पातळीला लागून आहे. समुद्र चढला तर खारं पाणी भातखाचरात येईल, त्याला आपल्या घोषणा थोपवू शकणार नाहीत. म्हणून पुढच्या वेळी अशी बातमी वाचाल तेव्हा तीन आकडे शोधा. किती टन पकडला, त्या केंद्रातून एकूण किती टन सुटतो आणि पकडलेला वायू किती वर्षं बाहेर राहणार नाही. तिन्ही मिळाले नाहीत तर संबंधितांना पत्र लिहून विचारा.

जय हिंद.