बाटली भरण्याआधीची साखर

फेब्रुवारी-मार्च आला की कडवंची आणि आसपासच्या गावांत द्राक्षांची तोडणी सुरू होते. घड बाजारात जातात, सुटे मणी मागे राहतात आणि मातीमोल भावाने विकले जातात. याच मण्यांचं स्क्वॅश करून बचत गटाला चार पैसे मिळवता येतात. म्हणून आज आपण एकच गोष्ट नीट समजून घेऊ: बाटली भरण्याआधी गोडी किती आणि कशी घालायची.

द्राक्षाच्या सालीवर यीस्ट असतं. ते डोळ्यांना दिसत नाही. त्याला रसातली साखर मिळाली की ते तिची दारू करतं आणि वायू सोडतं. वाईन अशीच होते. गोड वाईन करणारेसुद्धा आंबणं पूर्ण थांबल्याची खात्री करतात, ती निवळून गाळतात, पुन्हा आंबू नये म्हणून औषध घालतात आणि मगच वरून साखर घालतात. नाहीतर बंद बाटलीत यीस्ट पुन्हा कामाला लागतं, बूच उडतं, काच फुटते.

आपल्याला वाईन करायची नाही. परवान्याशिवाय ती करणं १९४९ च्या दारूबंदी कायद्याने गुन्हा आहे. पण साखरेचा हिशोब चुकला तर आपलं स्क्वॅशही त्याच वाटेने जातं. आडवी बाटली करण्यासाठी मतदान करणाऱ्या आपण बाया. आपल्याच बाटलीतून आंबूस वास आला तर गटाचं नाव जाईल.

साखर महाग म्हणून थोडी कमी घालू, असं वाटतं. पण लोणच्यात मीठ कमी पडलं तर बुरा येतो की नाही? स्क्वॅशमध्ये साखरेचं काम तेच आहे. थोडी साखर यीस्टचं खाणं होते, भरपूर साखर त्याला जखडून ठेवते. नियमाप्रमाणे स्क्वॅशमध्ये किमान २५ टक्के रस आणि ४० टक्के विद्राव्य घटक, म्हणजे ४० ब्रिक्स, लागतात. आपण ४५ धरू.

प्रमाण लिहून घ्या. मणी धुऊन, कुस्करून, मंद आचेवर दहा मिनिटं गरम करा, उकळू नका. मग मलमलच्या कापडातून गाळा. एक किलो रसाला १ किलो २०० ग्रॅम साखर, ८०० मिली पाणी आणि २५ ग्रॅम सायट्रिक ॲसिड, म्हणजे लिंबूसत्व. साखर, पाणी आणि लिंबूसत्व एकत्र उकळा, गाळा, पूर्ण गार करा, मग रस मिसळा. साधारण तीन किलो स्क्वॅश होतं.

आता परिरक्षक. पांढऱ्या द्राक्षाला एका किलो स्क्वॅशला ०.६ ग्रॅम पोटॅशियम मेटाबायसल्फाइट. काळ्या द्राक्षाचा रंग त्याने उडतो, म्हणून तिथे ०.७ ग्रॅम सोडियम बेंझोएट. चिमटीने नाही, सोनाराकडे असतो तशा बारीक काट्यावर मोजायचं. जास्त घालणं आरोग्याला वाईट आणि नियमाबाहेरचं. थोड्या स्क्वॅशमध्ये विरघळवून सगळ्यात शेवटी, गार झाल्यावरच घाला. गरम असताना घातलं तर मेटाबायसल्फाइटचा वायू उडून जातो.

गोडी बरोबर आहे का, हे जिभेवर सोडू नका. बागायतदारांकडे ब्रिक्स बघायचं रिफ्रॅक्टोमीटर असतं. ते बहुधा ३२ पर्यंतच मोजतं. म्हणून स्क्वॅश आणि पाणी सारख्या वजनाने मिसळून थेंब ठेवा आणि आकडा दुप्पट करा. २२-२३ दिसलं तर काम बरोबर.

काचेच्या बाटल्या अर्धा तास उकळून, कोरड्या करून घ्या. वर दोन बोटं जागा ठेवा. प्रत्येक घाण्यातली एक बाटली दोन आठवडे घरात, उबेला ठेवून रोज बघा. बुडबुडे आले, झाकण फुगलं, आंबूस वास आला, तर तो घाणा विकायचा नाही, कुणाला प्यायलाही द्यायचा नाही. फुगलेली बाटली हलवू नका. जाड फडक्यात धरून, तोंडापासून लांब, हळू उघडा. म्हणून प्रत्येक बाटलीवर तारीख आणि घाणा क्रमांक हवाच. विक्रीआधी अन्नसुरक्षेची नोंदणीही करून घ्या.

खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रात फळप्रक्रियेबद्दल विचारपूस करा. पुढच्या बैठकीत हे प्रमाण वहीत उतरवा, आणि पहिला घाणा एक किलो रसाचाच करा.