गोदामांच्या गावातली किरकोळ खरेदी

ठाण्याहून मुंबई–नाशिक महामार्गाने निघालं, खाडी ओलांडली, की थोड्याच वेळात मानकोलीचा नाका येतो. आजूबाजूला अंजूर, दापोडे, वळ, पूर्णा, राहनाळ, काल्हेर ही गावं. एकेकाळी इथं भातशेती होती. आता पत्र्याची गोदामं आहेत, एकाला एक लागून. त्यामागचं कारण साधं होतं. मुंबई महापालिकेची जकात १ जुलै २०१७ रोजी, वस्तू आणि सेवा कर आला तेव्हा संपली. तोवर माल शहराच्या हद्दीबाहेर उतरवायचा आणि लागेल तसा आत न्यायचा, हेच व्यापाऱ्याला परवडत होतं. ग्रामपंचायतीच्या हद्दीत जकात नाही, जागा स्वस्त, महामार्ग दारात. पुढं जकात गेली, गोदामं मात्र गेली नाहीत. उलट वाढली.

या गोदामांत काय नसतं? तेलाचे डबे, साखर, पिठं, मसाले, सगळं असतं. आणि त्यांच्याच दारात हमाल, ड्रायव्हर, खोकी बांधणारी मुलंमुली यांना चहा, वडापाव, पोळीभाजी पुरवणाऱ्या गाड्या आणि टपऱ्या असतात. भिवंडीत यंत्रमागावरचे कामगार ज्या घरगुती खानावळीत महिन्याच्या बोलीवर जेवतात तिला भिशी म्हणतात. पैशांची भिशी वेगळी, ही जेवणाची. तर अशी भिशी चालवणारी, गाडी लावणारी किंवा डबे देणारी बाई बेसन, तेल, डाळ कुठून घेते? गल्लीतल्या वाण्याकडून. कधी पाच किलो, कधी दोन, आणि हात अगदी आखडता असेल तर अर्ध्या किलोची पाकिटं. माल तिच्यापासून हाकेच्या अंतरावर पडलेला असतो. तो तिथून वितरकाकडे जातो, वितरकाकडून दुकानात येतो आणि प्रत्येकाचा हिस्सा अंगावर घेऊन पुन्हा तिच्याच नाक्यावर उतरतो. गोदामाच्या दारावर जाऊन ‘एक डबा द्या’ म्हणून चालत नाही. तिथला माल कुणाच्या तरी नावावर असतो आणि मागणीच्या कागदावरच हलतो.

मग लोक सहज म्हणतात, ‘बाई, घाऊक घ्या की!’ सांगणं सोपं आहे. ती किरकोळीत घेते ते तिला हिशेब कळत नाही म्हणून नव्हे. हातात रोख नसते, ठेवायला जागा नसते आणि वाणी उधार देतो. या तिन्हींतली शेवटची गोष्ट सगळ्यांत महाग पडते.

ही गोष्ट नवी नाही. गिरणगावातल्या खाणावळवाल्या आठवा. गिरणी कामगार महिन्याच्या पगाराला पैसे देणार, पण चूल रोज पेटणार. मधल्या दिवसांचं धान्य वाण्याकडून उधारीवर. उधारीवर घेणाऱ्याला भाव विचारता येत नाही आणि निवडून घेता येत नाही. वाणी देईल ते आणि म्हणेल त्या दराने. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते या बायकांसाठी. त्यांनी आधी बँकेच्या कर्जाची वाट करून दिली. पाककृती शिकवायचा प्रश्नच नव्हता, स्वयंपाक त्यांना येतच होता. खरेदीच्या वेळी हातात रोख असणं, एवढंच कमी होतं.

उधारीचं गणित एकदा मांडून पाहा. आकडे समजुतीसाठी घेतले आहेत, भाव रोज बदलतात. समजा, बेसनाचं पोतं रोखीनं ३,००० रुपयांना आहे आणि पंधरा दिवसांच्या उधारीवर ३,०९०. नव्वद रुपये काहीच वाटत नाहीत. पण पंधरा दिवसांना तीन टक्के म्हणजे वर्षाला सत्तर टक्क्यांच्या वर व्याज झालं. बँक जर एवढं व्याज मागू लागली तर आपण मोर्चा काढू. वाण्याकडे आपण ‘चांगला माणूस आहे, अडीअडचणीला देतो’ म्हणतो. तो चांगला माणूस असेलही. त्याचेही पैसे अडकतात, काही बुडतात. पण त्याच्या चांगुलपणाचा दर आपल्याला माहीत असावा. म्हणून पहिलं पोतं रोखीनं घेता येईल एवढी रक्कम बाजूला काढणं, हे धंद्यातलं पहिलं भांडवल. नवी कढई, गाडीला रंग, नावाचा बोर्ड, हे सगळं त्यानंतर.

आता रोख हातात आहे असं धरू. तेलापासून सुरुवात करतो, कारण वडा-भजीच्या धंद्यात पैसा तेलात जातो. बाजारात दोन डबे शेजारी शेजारी दिसतात, एक पंधरा किलोचा आणि एक पंधरा लिटरचा. दिसायला जवळपास सारखे. पण खाद्यतेल पाण्यापेक्षा हलकं. एक लिटर तेलाचं वजन साधारण ९१० ग्रॅम भरतं. म्हणजे पंधरा लिटरच्या डब्यात तेल असतं साडेतेरा किलोच्या जरा वर, १३.६५ किलो. जवळजवळ एक किलो साडेतीनशे ग्रॅमचा फरक! समजा, लिटरचा डबा २,०२५ रुपयांना आणि किलोचा २,१६०ला. पहिला १३५ रुपयांनी स्वस्त म्हणून आपण उचलतो. किलोवर आणून बघा. पहिला पडतो १४८ रुपयांच्या पुढे, दुसरा १४४ रुपये. महाग दिसणारा डबा स्वस्त निघाला. पिशव्यांचंही तेच. पूर्वी ठरावीक मापातच पाकिटं भरायची सक्ती असलेल्या वस्तूंवरची ती सक्ती आता उठली आहे, त्यामुळे लिटरसारखी दिसणारी पिशवी लिटरची असेलच असं नाही. मात्र वेष्टनावर किंमत प्रति ग्रॅम, प्रति किलो किंवा प्रति लिटर किती पडते तेही छापावं लागतं. अक्षरं बारीक असतात. चष्मा लावून वाचावीत.

तेलाबाबत आणखी एक. सुटं तेल विकायला कायद्याने बंदी आहे, तरी पिंपातून मापून देणारे भेटतात. घेऊ नये. आणि स्वस्त तेल घेऊन तेच आठवडाभर तळत राहण्यात बचत नाही. तळून तळून तेलात जे घटक तयार होतात त्यांची मर्यादा, पंचवीस टक्के, २०१८ सालापासून ठरवून दिलेली आहे. यंत्र नसलं तरी काळं पडलेलं, फेस धरणारं, कमी आचेवर धूर सोडणारं तेल डोळ्यांना कळतंच.

डाळ-पिठाकडे वळू. इथं एक गंमत आहे. १८ जुलै २०२२पासून पाकीटबंद, छापील नावाच्या धान्य, डाळ, पिठावर पाच टक्के कर लागला, पण पंचवीस किलोपर्यंतच्याच पाकिटावर. त्यापुढच्या पोत्यावर नाही. म्हणून बाजारात तांदळाचं सव्वीस किलोचं पोतं दिसू लागलं! छोट्या गाडीवाल्याची स्वतःची करनोंदणी नसते, तेव्हा त्याने दिलेला कर त्याला परत मिळत नाही, तो खर्चातच जमा. त्यामुळे पंचवीस आणि तीस किलोंमधला फरक पाच किलोंपुरता राहत नाही. मात्र दहा-दहा किलोंची तीन पाकिटं एका मोठ्या पिशवीत बांधून दिली तर ती सूट लागू नाही. आणि तेल-साखरेला हा नियम लावू नका, त्यांचा कर वेगळा आहे.

बेसन घेताना नाव वाचावं. कायद्याच्या व्याख्येत बेसन म्हणजे हरभऱ्याच्या डाळीचं पीठ, दुसरं काही नाही. वाटाण्याचं पीठ स्वस्त असतं, भजीला ते चालवणारेही आहेत. त्याला बंदी नाही, पण ते वाटाण्याचं म्हणून, वाटाण्याच्या भावात घ्यावं. बेसनाच्या भावात घेतलं तर आपण दोनदा फसलो, एकदा पैशात आणि एकदा चवीत.

आता सावधगिरीची बाजू. आपल्याकडे बेगमीची परंपरा आहे. उन्हाळ्यात वर्षाचं धान्य भरायचं, लालबागच्या मिरची गल्लीत जाऊन वर्षाचा मसाला कुटून आणायचा. घराला ते शोभतं. धंद्याला आंधळेपणाने लावलं तर बुडवतं. घरातली डाळ कडुनिंबाचा पाला घालून कोठीत बसते. गाडीवाल्याची कोठी म्हणजे दहा बाय दहाच्या खोलीतला पलंगाखालचा कोपरा. खाडीकाठची हवा, त्यात पावसाळा. बेसनाला जाळी धरते, रव्यात अळ्या होतात, मिरचीपूड दमट होऊन गोळा बनते आणि रंगही उतरतो. पन्नास किलोंत किलोमागे चार रुपये वाचवले, म्हणजे दोनशे. त्यातलं तीन किलो फेकलं तर संपलं सगळं. माझं मत असं, की पावसाळ्यात पीठ पंधरा दिवसांच्या वापरापेक्षा जास्त भरू नये. अख्खी डाळ आणि तांदूळ महिन्याचा चालेल. पोतं जमिनीवर नको, फळीवर ठेवावं, भिंतीपासून वीतभर सुटं. जुनं संपल्याशिवाय नवं फोडू नये. हे आपल्या आजीलाही माहीत होतं, पण घाईत नवं वर येतं आणि जुनं तळाशी राहतं.

बटाट्याचं पोतं घेताना तर दुकानदाराशी थोडं बोलावंच. शीतगृहातला बटाटा गोडसर होतो, तळला की लवकर काळपट पडतो. वड्याच्या सारणाला तो चालून जातो. पण काप किंवा भजी करायची तर वेगळा बघावा. पोत्यावर लिहिलेलं वजन आणि सोलून, किडका भाग काढून हाती राहिलेलं वजन, या दोन वेगळ्या गोष्टी. दर दुसऱ्या वजनावर काढायचा.

मग खरेदीला जायचं कुठं? वाशीचा घाऊक बाजार मानकोलीपासून तीसेक किलोमीटर. मुंबईचे धान्य-मसाल्याचे बाजार मस्जिद बंदरकडून तिकडे हलले. भाव चांगला मिळतो, पण व्यापारी गोणी फोडून देत नाही; वर हमाली, गाडीभाडं, अर्धा दिवस. एका पोत्यासाठी वाशी गाठणं म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. कल्याणची बाजार समिती जवळची. २०२५ साली उल्हास नदीवरचा मोठागाव–मानकोली पूल सुरू झाला, तेव्हापासून डोंबिवलीचे दुकानदारही हाताशी आले. पूर्वी त्यासाठी मोठा वळसा पडायचा.

दुसरी वाट मोठ्या दुकानांची. डी-मार्टचं पहिलं दुकान २००२ साली पवईत निघालं. आज अनेक लहान खाद्यव्यावसायिक, इतकंच काय किराणा दुकानदारही, अशा दुकानांतून माल उचलताना दिसतात. कारण काही वस्तू तिथं गिऱ्हाईक खेचण्यासाठी जवळजवळ खरेदीच्या भावात ठेवलेल्या असतात. त्या तेवढ्याच घ्याव्यात आणि बाहेर पडावं! योजनेतल्या मालाला ‘एका ग्राहकास इतकेच नग’ अशी पाटी असू शकते, म्हणून त्याच्या भरवशावर महिन्याचा धंदा बांधू नये. तिसरी वाट व्यापाऱ्यांसाठीच्या घाऊक दुकानांची. २००३ साली मेट्रो या जर्मन कंपनीने बंगळुरूत असं पहिलं दुकान काढलं. २०२३मध्ये तिचा भारतातला धंदा रिलायन्सकडे गेला. अशा ठिकाणी धंद्याचा कागद दाखवावा लागतो. अन्नसुरक्षेची नोंदणी लहानात लहान गाडीलाही सक्तीचीच आहे. दंड चुकवण्यापुरता तो कागद काढणारे खूप आहेत. माल स्वस्त मिळवून देणारा कागद म्हणून त्याच्याकडे कुणी पाहत नाही, याचं मला नवल वाटतं.

आणि सगळ्यांत जवळची वाट शेजारणीची. लिज्जत पापडाचं उदाहरण सर्वांना पाठ आहे. १९५९ साली गिरगावात सात बायका आणि ऐंशी रुपये उसने. पण त्या गोष्टीतला खरेदीचा भाग सहसा सांगितला जात नाही. पापड घरोघरी लाटले जातात, उडीद मात्र घरोघरी विकत घेतला जात नाही. तो संस्था एकत्र घेते आणि भिजवलेलं पीठ बायकांना मिळतं. चव एक राहते ती त्यामुळे आणि भावही हातात राहतो.

नाक्यावरच्या चार गाड्यांनी संस्था काढायची गरज नाही. चौघींनी मिळून कल्याणहून तीस किलोचं बेसनाचं एक पोतं आणि तेलाचे चार डबे आणले, टेम्पोचं भाडं चौघींत वाटलं, तरी पुष्कळ झालं. प्रत्येकीच्या वाट्याला साडेसात किलो बेसन, ते आठवडाभरात उडतं, जाळी धरायला वेळच मिळत नाही. भांडण होतं ते मोजणीवरून. त्यासाठी घरातल्या तागडीवर विसंबू नये. काटा शिक्का मारलेला, तपासलेला असावा आणि पोतं सगळ्यांसमोर फोडावं. पैसे आधी जमा, माल नंतर. ‘उद्या देते’ म्हणणारीला त्या खेपेला वगळायचं, पुढच्या खेपेला पुन्हा घ्यायचं, राग न धरता. बिल पक्कं घ्यावं आणि एकीने जपून ठेवावं. माल खराब निघाला तर दुकानदार ते बिल बघूनच परत घेतो, आणि तपासणीस आला तर माल कुठून आणला हे सांगायला दुसरा पुरावा नसतो.

राहिला मुहूर्त. हरभरा फाल्गुन-चैत्रात बाजारात येतो, लाल मिरचीही त्याच सुमारास. त्या दिवसांत माल ताजा असतो आणि निवडायला भरपूर. मिरची, धणे, हळद पावसाआधी उन्हं दाखवून, कोरड्या डब्यात भरून ठेवावी. डाळ तेव्हा थोडी जास्त घ्यावी. बेसन मात्र नाही, ते लागेल तसं चक्कीवर दळून आणता येतं. दळणावळीचे पैसे धरूनही तयार पाकिटापेक्षा किती पडतं ते आपापल्या चक्कीवर एकदा विचारून बघा, आणि दळणात घट किती धरतो तेही विचारा.