पाकिटाची मागची बाजू
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



पंचवीस वर्षांचा आढावा इतरांनी घेतलाच आहे. मी केमिस्ट्रीची निवृत्त शिक्षिका, म्हणून बोलणार आहे अजिनोमोटोबद्दल. त्यात एक कबुलीही आहे.

2015 साल आठवतंय ना? नूडल्सच्या एका मोठ्या ब्रँडचा माल जूनमध्ये बाजारातून मागे घेतला गेला. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती बंदी रद्द केली. मधल्या गदारोळात मी कमिटीवर होते. गेटजवळचा चायनीजचा गाडीवाला हटवा, तो विष घालतो, असा आग्रह मीच धरला. तो गेला. त्याच आठवड्यात नातवाच्या हातातलं चिप्सचं पाकीट उलटून पाहिलं, तर बारीक अक्षरात 621, 627, 631. सगळी चव वाढवणारी द्रव्यं! आणि ते पाकीट मीच आणलेलं.

मग वाचायला बसले. 1908 मध्ये जपानच्या किकुनाए इकेदा यांनी कोम्बू या समुद्री शेवाळातून ग्लुटामेट वेगळं केलं. ते टोमॅटोत असतं, चीजमध्ये असतं, आईच्या दुधातही असतं. वरून घातलेलं कुठलं आणि मूळचं कुठलं, हे प्रयोगशाळेलाही ओळखता येत नाही. म्हणून 2016 मध्ये एफएसएसएआयने स्पष्ट केलं, की नुसतं ग्लुटामेट सापडलं म्हणून खटला भरू नये. पण पाकिटावर ‘नो अ‍ॅडेड एमएसजी’ छापलं आणि आत ते निघालं, तर जरूर भरावा. म्हणजे पकडायचं ते खोटं बोलणं.

बीपीवाल्यांसाठी एक हिशोब: मिठात सोडियम सुमारे 39 टक्के, अजिनोमोटोत 12. म्हणजे एकटा अजिनोमोटो नव्हे, पाकिटावरचा सोडियमचा पूर्ण आकडा वाचा. घरात तान्हं बाळ असेल तर 12 महिन्यांखालील मुलांसाठीची सूचनाही बघा.

लेबलचा नियम बंद पाकिटाला आहे, गाडीवरच्या प्लेटला नाही. तिथे विचारावंच लागतं. मी त्या माणसाला काहीच विचारलं नव्हतं, एकदम हाकललंच. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

एवढीच विनंती आहे: यंदा गणपतीतल्या आपल्या खाऊच्या स्टॉलवर, कशात काय घातलंय त्याचा एक फळा लावूया. पहिला फळा मी लिहीन.